भावकीच्या दुकानातले थेंब

आधी माफी मागतो. लिहायला बसण्याचा मला काही अधिकार आहे असं अजूनही वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे शाळेतला निबंध, नाहीतर तहसीलदाराला अर्ज. हे लिहितानाही माझा हात अर्जाकडेच वळतो आहे. शिवाय विषय डोळ्यांच्या आजाराचा, आणि मी डॉक्टर नाही, सांगलीत बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकतो. मला जे समजावून सांगितलं गेलं तेवढंच मी सांगू शकेन. ज्यांच्याविषयी सांगायचं ती माणसं माझी आहेत, म्हणून कुणाचंच नाव घालत नाही.

आमचं गाव माण तालुक्यात, वडूजच्या बाजूला. वडील मुंबईत माथाडी कामगार. घरी आई, मी आणि माझ्याहून वर्षभराने लहान बहीण. आम्हा दोघांचेही डोळे खाजायचे. हे वाक्य वाचून कुणाला त्यातलं काही कळेल असं मला वाटत नाही. होळीच्या आसपास वारं कोरडं व्हायला लागलं की पापणीच्या आत कुणीतरी बारीक वाळू टाकल्यासारखं व्हायचं. चोळलं की दोन क्षण बरं वाटायचं आणि मग दुप्पट खाज. सकाळी उठलं की डोळ्यांच्या कोपऱ्यातून पांढरा चिकट दोरा निघायचा, ओढला की लांबत जायचा. उन्हाकडे बघवायचं नाही. पाऊस पडून गेला की जरा उसंत, आणि मग बांधाबांधाला गाजरगवत फुललं की पुन्हा सुरू.

आईने जमेल ते केलं. शेळीच्या दुधात भिजवलेला कापूस, रात्रभर भिजवलेल्या धन्यांचं पाणी, दर अमावास्येला मीठ-मोहरी उतरवून टाकणं. वर्गात माझे लाल डोळे बघून पोरं म्हणायची, "काय रं, सकाळी सकाळीच घेतलीस व्हय?" मला त्याचं एवढं वाटायचं नाही. बहिणीला मात्र बाईंनी एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, घरी कुणी मारतं का.

मग अण्णांनी वडूजला मेडिकल टाकलं. अण्णा म्हणजे वडिलांच्या चुलतभावाचे थोरले चिरंजीव, आमच्या अख्ख्या भावकीत औषधांचं शिकलेले एकटेच. दुकानाच्या पूजेला सगळी भावकी टेम्पो करून गेली होती. नारळ फुटल्यावर आमच्यातल्या सर्वांत वडील चुलत्यांनी सांगितलं, की इथून पुढं डोकं दुखलं तरी गोळी घरच्याच दुकानातली. कुणी ते मोडलं नाही. दुसऱ्या दुकानाच्या नावाची पिशवी हातात दिसली तर लोक विचारायचे. आणि अण्णांकडे डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जायचं म्हणजे तर आपल्याच माणसावर विश्वास नाही असं दाखवणं. काय होतंय ते तोंडी सांगायचं, अण्णा ऐकून घेणार, फळीवरचं काढून देणार.

मी नववीत होतो. आई आम्हा दोघांना घेऊन गेली. अण्णांनी माझी पापणी खाली ओढून बघितली आणि एक छोटी पांढरी बाटली काढली. तिचं पुठ्ठ्याचं खोकं त्यांनी तिथंच काउंटरखालच्या डब्यात टाकलं आणि नुसती बाटली आईच्या हातावर ठेवली. आपल्या माणसाला खोकं कशाला, असं म्हणाले. आम्हाला त्यात आपुलकीच वाटली.

दोन दिवसांत डोळे दुधासारखे पांढरे झाले. मी अतिशयोक्ती करत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी चैत्रातल्या उन्हात डोळे उघडे ठेवून रानातून चालत आलो. बहीण थेंबांना भीत होती. मी तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं, अंगठ्याने पापणी ओढली आणि थेंब टाकला. जळतंय का विचारलं तर म्हणाली, गार वाटतंय. तेव्हापासून सकाळी वेणीफणी झाली की थेंब, हे ठरून गेलं. बाटली संपली की आई अण्णांकडून दुसरी आणायची. पुढं मला एक आणि तिला एक, अशा दोन आणायला लागली. थंडीत ज्वारी हुरड्याला आली की पहिला हुरडा आई अण्णांच्या घरी पाठवायची.

बारावीच्या निकालाची वाट बघत होतो तेव्हा मी अण्णांना एकदा विचारलं होतं, की हे रोज टाकलं तर चालतंय का. ते गोळ्या मोजत होते. वर न बघता म्हणाले, "मी देतोय न्हवं? मग इचारतोस कशाला?" महिनाभराने तेच अण्णा दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर सांगलीला आले. माझा प्रवेशाचा फॉर्म त्यांनी भरला, कारण घरात दुसऱ्या कुणाला तो भरता येत नव्हता. सकाळपासून रांगेत उभे राहिले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, भावकीचं नाव काढ. त्यानंतर पुन्हा तो प्रश्न विचारायला माझी जीभ उचलली नाही.

सांगलीची हवा दमट. इथं आल्यावर माझे डोळे फारसे खाजत नव्हते. तरी मी सकाळ-संध्याकाळ थेंब टाकत होतो, दात घासावेत तसे. एका प्रात्यक्षिकात आम्हाला गाजरगवताचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळाले. गोल कण, सगळ्या अंगावर बारीक काटे, गोखरूच्या फळासारखे. मी फार वेळ बघत राहिलो. आपल्याला छळणारा सापडला असं वाटलं. त्या रात्री मी वहीत चित्र काढून बहिणीला पाठवलं आणि खाली लिहिलं, हेच ते. वनस्पतींची लॅटिन नावं मी पाठ करत होतो, पण खिशातल्या बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरं मी एकदाही वाचली नव्हती. हे लिहिताना मला लाज वाटते.

गेल्या वर्षी कॉलेजच्या सेवा योजनेतून जवळच्या एका गावात नेत्रतपासणी शिबिर झालं. मी स्वयंसेवक होतो, नोंदवहीत नावं लिहायला बसलो होतो. गावातले म्हातारे यायच्या आधी तिथल्या डॉक्टरबाईंना डोळ्यांचा दाब मोजायचं यंत्र चालतंय का ते बघायचं होतं. जवळ मीच होतो. हनुवटी टेकवली, डोळ्यावर हवेचा एक झोत आला, मी दचकलो, मुलं हसली. बाईंनी आकडा बघितला आणि म्हणाल्या, यंत्र बिघडलंय वाटतं. माझ्या मित्राला बसवलं. त्याचा आकडा ठीक आला. मला पुन्हा बसवलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "डोळ्यात काही टाकतोस का?"

मी खिशातून बाटली काढून दिली. खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानेच दिली.

त्यांनी बाटली उजेडात धरली. मग विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, नववीपासून. त्यांनी बाटली परत दिली नाही. नोंदवही दुसऱ्या कुणाला द्यायला सांगून मला बाजूच्या खोलीत नेलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दवाखान्यात त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मी विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. पुढचे रुग्ण खोळंबले तरी त्यांनी घाई केली नाही. डोळ्याच्या आवरणात काही पेशी असतात. धूळ, पराग असलं काही आलं की ज्यांना त्याचं वावडं असतं त्यांच्या त्या पेशी फुटतात आणि त्यातून खाज आणणारं द्रव्य बाहेर पडतं. चोळलं की आणखी फुटतात, म्हणून चोळून खाज कधीच जात नाही. वर्षानुवर्षं चोळत राहिलं तर बुबुळाचा पडदा पातळ होऊन पुढं टोक येऊ शकतं. त्यांनी माझी वरची पापणी उलटी करून फोटो काढून दाखवला. आत रस्त्यावर खडी अंथरावी तसे उंचवटे होते. हा आजार पोरवयात जास्त असतो, कोरड्या उष्ण मुलखात जास्त, आणि बऱ्याच जणांचा वयाबरोबर आपोआप कमी होतो. त्याला साधे उपाय आहेत. बाहेरून आलं की तोंड-डोळे गार पाण्याने धुवायचे, गार ओली घडी ठेवायची, उन्हात गॉगल आणि टोपी. आणि त्या पेशी फुटू नयेत म्हणून टाकायचे वेगळे थेंब असतात. त्यांचा पूर्ण गुण यायला वेळ लागतो, म्हणून लोक कंटाळून सोडून देतात.

मी टाकत होतो ते स्टेरॉइडचे. लाली दोन दिवसांत घालवणारे. त्या म्हणाल्या, ते वाईट औषध नाही, आम्हीही देतो, पण मोजके दिवस, आणि डोळ्याचा दाब तपासत. लांबवलं तर काही जणांच्या डोळ्यात दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. त्यालाच काचबिंदू म्हणतात. मी म्हणालो, तो तर म्हाताऱ्यांना होतो. त्या म्हणाल्या, "असा थेंबांनी झालेला विशीतही होतो. दुखत नाही, लाल होत नाही. कडेचं आधी जातं, म्हणून माणसाला कळत नाही. मोतीबिंदू काढता येतो, यात गेलेलं परत आणता येत नाही."

माझं नशीब म्हणायचं. नस शाबूत होती. त्यांनी ते थेंब बंद केले, दाबाचे आणि वावड्याचे दुसरे दिले, आणि महिन्याभरात दाब उतरला. पण त्या दिवशी मी खुर्चीतून उठलोच नाही. बहिणीचं सांगितलं. ती पोलीस भरतीची तयारी करते, दहिवडीला रोज पहाटे धुळीच्या मैदानावर पळते, आणि धुळीमुळे दिवसातून चार-पाच वेळा तेच थेंब टाकते. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तिला ताबडतोब कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, सातारा जवळ पडत असेल तर तिथं.

मी विटा, मायणी करत वडूजला गेलो. आधी घरी जायला हवं होतं, हे आता कळतं. पण मला अण्णांचं तोंड बघायचं होतं. मनात अजून असं होतं की त्यांना माहीतच नसेल, आणि कळल्यावर ते हादरतील. गाडीत बसून मी त्यांना कसं समजवायचं याचीच वाक्यं जुळवत होतो.

अण्णा बँकेत गेले होते. घर दुकानाच्या मागेच. वहिनींनी चहा ठेवला. मी त्यांना शिबिराचं सांगितलं, दाबाचं सांगितलं. वहिनी मनाने फार चांगल्या आहेत. त्या हात पुसत पुढं आल्या आणि काळजीने म्हणाल्या, "आवं भावजी, ते थेंब लय दिवस टाकायचे नसत्यात. आमच्या धाकट्याचे डोळे खाजायला लागले तवा मी म्हणलं दुकानातलंच घाला की. तर माझ्यावर खेकसले. म्हणले, लेकराच्या डोळ्यात ते घालायचं न्हाई. लगीच सातारला न्हेऊन दाखवलं."

मी विचारलं, कवा झालं हे?

"बालवाडीत हुता तवा. आता तिसरीत हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. बालवाडी ते तिसरी. मधली सगळी वर्षं आई दर महिन्याला दोन बाटल्या आणत होती. त्यातल्याच एका वर्षी मी विचारलं होतं आणि ते गोळ्या मोजत होते. त्याच वर्षी ते माझ्यासाठी सांगलीत रांगेत उभे होते. ही दोन माणसं एकच आहेत हे मला अजून नीट जुळवता येत नाही.

अण्णा आले. माझ्या तोंडाकडे, मग वहिनींकडे बघितलं. वहिनी आत गेल्या. मी जुळवलेली वाक्यं विसरलो होतो. जे झालं ते तुटक तुटक सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "तुला दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

"मग झालं तर. तुज्या आईला मी एकदा म्हणलो हुतो, डॉक्टरला दाखवा. ती म्हणली, तुज्याशिवाय आमचा डॉक्टर कोण हाय. न्हाई दिलं असतं तर दुसऱ्या दुकानातनं आणलं असतं तुमी. भावकीत काय तोंड दाखवलं असतं मी?"

मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या लेकराला न्हाई घातलं तुमी."

ते फळीकडे वळले. मग त्यांनी दोन बाटल्या काढून माझ्यापुढं सरकवल्या, वावड्याच्या, वेगळ्या. या वेळी खोक्यासकट. हे बरं असतंय, हे न्हे, एवढंच म्हणाले. आणि मी दुकानाच्या बाहेर पडताना मागून हळू आवाजात, घरातलं हाय, घरात ठेव.

मी ते घेतलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मी घेतलं. गावाच्या गाडीत खोकं उघडून आतला घडीचा कागद वाचला. डॉक्टरबाईंनी मला दिलं होतं तेच औषध होतं. म्हणजे ते त्यांच्या फळीवर कायम होतंच.

घरी संध्याकाळी बहीण उंबऱ्यावर बसून बुटांची माती काढत होती. मी सांगत गेलो, ती बूट घासत राहिली. आई मधेच म्हणाली, अण्णाचं नाव कुठं घेऊ नगा, आणि पोरीच्या डोळ्याचं तर मुळीच बोलू नगा, उद्या तिचं लगीन करायचं हाय. बहिणीने बूट खाली ठेवला. मला वाटलं ती आता अण्णांना शिव्या देईल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू म्हणलास म्हणून टाकलं मी. अण्णाचं मला काय म्हाईत? मांडीवर डोकं तू घेतलंस."

अण्णांच्या दुकानात मी जो प्रश्न घेऊन गेलो होतो तोच तिने माझ्यापुढं ठेवला होता. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण अक्षरं बाटलीवर होती आणि विज्ञान शिकणारा घरात मीच होतो.

तिने साताऱ्याला यायला नकार दिला. तिची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर होती. डॉक्टरने काही काढलं आणि ते पुढच्या वैद्यकीय तपासणीत आलं तर सगळं गेलं, असं तिचं म्हणणं. मला काय होत न्हाई, मला लांबची पाटी वाचता येती, म्हणाली आणि शाळेच्या भिंतीवरचं वाचून दाखवलं. मी सांगितलं की यात समोरचं शेवटी जातं. तिने ऐकलं नाही. एवढंच कबूल केलं, की जुने थेंब बंद आणि नवीन चालू.

मी सांगलीहून डॉक्टरबाईंना फोन केला. त्या माझ्यावर रागावल्या, आणि तो राग बरोबर होता. न बघता मी काही सांगणार नाही, म्हणाल्या, एक-एक दिवस महत्त्वाचा आहे. मी बहिणीला रोज हेच लिहायचो. ती दिवसातून दोनदा उत्तर द्यायची, "टाकलं." एवढंच. थेंब बदलल्यावर तिचे डोळे पूर्वीपेक्षा वाईट भडकले. मैदानावर तिला पोरी विचारायच्या, रडून आलीस का. गार घड्या ठेवून ती सकाळी पळत होती. हे मला आईकडून कळायचं, ती मला काही सांगत नव्हती.

चाचणी झाली. ती पळाली, चांगली पळाली. त्यानंतरच्या सोमवारी आई आणि ती पुसेगाववरून साताऱ्याला गेल्या. माझी झाली तशीच तपासणी, दोन तास चालणारी: दाब, मग थेंब टाकून नस बघणं, मग एका पांढऱ्या गोल भांड्यात बघत बसायचं आणि बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं, एक डोळा झाकून, मग दुसरा. जिथं ठिपका चमकूनही बटण दाबलं जात नाही, ती जागा कागदावर काळी येते.

मला त्या दिवशी तास होते. मी कुठल्याच तासाला बसलो नाही. कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. दुपारी तीनच्या पुढं आईचा नंबर आला. पण बोलत होती बहीण. उंबऱ्यावरच्या संध्याकाळनंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी फोनवर बोलत होती. आवाजात रडं नव्हतं. पळायला किती मिनिटं लागली ते सांगते तशी ती सांगत होती.

"दादा, दाब लय हुता, औषध दिलंय. उजव्याला काय झालेलं न्हाई. डाव्या डोळ्याचा वरचा कोपरा गेलाय, नाकाच्या बाजूचा. तो परत यायचा न्हाई म्हणले. हाय तेवढी नजर राखायची."